नवी मुंबई की नैना: जमीन कशी घ्यावी?

नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन सरकारने संपादित करून १९७० साली स्थापन झालेल्या सिडको या सरकारी नगरविकास कंपनीच्या हाती दिली. त्यामुळे रस्ते, नोड (म्हणजे नियोजित वसाहती) एकहाती आखता आले. पण १९८४ मध्ये उरणजवळच्या जासई परिसरात जमिनीच्या मोबदल्यासाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांचा गोळीबार झाला, पाच आंदोलक मारले गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याची योजना त्यानंतरची. रेल्वेसुद्धा वाशीला १९९२ मध्ये पोचली. घरं आधी, गाडी मागून!

नैनात, म्हणजे नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या अधिसूचित क्षेत्रात, नगररचना परियोजना आहे: सगळ्यांची जमीन एकत्र धरून नव्याने आखायची. शेतकऱ्याच्या एकरातले सोळा गुंठे आखीव भूखंड म्हणून त्यालाच परत. उरलेल्या चोवीसात रस्ते, बागा, शाळा आणि विक्रीचे भूखंड. मालकी टिकते, म्हणून मला हीच पद्धत पटते. मात्र लवादाच्या सुनावण्या, फेरवाटप, मंजुऱ्या यांत वर्षं जातात. तोवर बांधावर रस्ता नाही आणि नळाला पाणीही नाही.