एम.ए. नाट्यशास्त्र : वापरून बघितल्यावर

अभ्यासक्रमात काय असतं ते सगळ्यांना माहीतच आहे: भरतमुनी, स्तानिस्लाव्हस्की, ब्रेख्त यांचे नाट्यविचार आणि शेवटी एक नाट्यनिर्मिती. त्यामुळे थेट तक्रारीवर येतो. या पदवीत बिल करायला शिकवत नाहीत.

हसू नका. रिटर्न भरायला २६एएस, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा तक्ता, उघडलं, तर एका मालिकेच्या निर्मात्याने माझ्या मानधनातून कापलेला १० टक्के टीडीएस त्यात नाहीच. कापला, पण भरला नाही. उरलेली रक्कमही मालिकावाल्यांच्या रिवाजाप्रमाणे ९० दिवसांनी, तीही फोन करकरून. अकाउंट्सचे दादा उलट मलाच विचारतात, "तुमचं इन्व्हॉइस कुठंय?" रससिद्धांतातले विभाव-अनुभाव मी झोपेतही सांगेन. पण कामाच्या तारखा, रक्कम आणि पैसे कधी देणार हे आधी लिहून घ्यायचं असतं, हे एकाही सरांनी सांगितलं नाही. एक तास पुरला असता हो!

नोकरीचं म्हणाल तर नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला नाटक हा विषय आहे, म्हणजे प्राध्यापकी कागदोपत्री खुली. पण नाटक शिकवणारे विभागच मोजके आणि जागा निघते ती बहुधा तासिका तत्त्वावर. आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळांत थिएटर शिकवतात, तिथे पगार बरा, पण इंग्रजी फर्डं लागतं. व्यावसायिक नाटकात नाइट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, मिळते, प्रयोग लागले तर. तिथे पदवी कोण विचारतो? पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा गाजवलेली इंजिनीअरिंगची पोरं आमच्या आधीच तालमीत बसलेली असतात.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि खाली 'घेऊ नका' एवढंच टाकायचं बाकी होतं. मग डिसेंबर आला, म्हणजे शाळांच्या गॅदरिंगचा सीझन. एका शाळेत मांडववाल्याने १५ अँपिअरच्या एकाच प्लगवर हजार वॅटचे चार पार, म्हणजे स्टेजचे झोतदिवे, जोडले. चौथा लागला की एमसीबी ट्रिप, म्हणजे जादा भाराने खटका पडून वीज बंद. स्टेजवर कोळीनृत्य, अंधारात पोरांचा कालवा, मुख्याध्यापिका घामाघूम. हजार वॅटला सव्वाचार-साडेचार अँपिअर, म्हणजे एका प्लगवर तीनच, हे गणित प्रकाशयोजनेच्या तासाला आम्ही कंटाळून केलेलं. चौथा दुसऱ्या लाइनवर घेतला, कार्यक्रम पार पडला. त्यावर आणखी दोन शाळांची कामं मिळाली. अभिनयाच्या पेपरने इतकी वर्षं जे दिलं नाही ते वायरिंगने दिलं. तेव्हा 'घेऊ नका' मागे घेतो. घ्या, पण बॅकस्टेजचे तास बुडवू नका.

अर्थात आता सगळीकडे एलईडी पार येतायत. हजार वॅटचं काम दीडशे-दोनशेत होतं, म्हणजे हेही ज्ञान लवकरच भंगारात. तोवर जानेवारीच्या दोन्ही शाळांना कोटेशन पाठवलंय: निम्मे आगाऊ, उरलेले पडदा पडायच्या आत.