पिशव्यांची पिशवी : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

पुण्यात भरलेल्या बचत गटांच्या एका प्रदर्शनात मी ही पिशवी ४५० रुपयांना घेतली. वापरून झालेल्या प्लास्टिकच्या पिशव्या कापून, त्यांचा दोरा करून ती क्रोशाच्या सुईने विणलेली आहे. शंभर रुपयांत बरी कापडी पिशवी मिळत असताना इतके पैसे कशासाठी, असे सोबत आलेल्या वहिनींनी स्पष्टच विचारले, तेव्हा विकणाऱ्या ताईंनी वाद न घालता हातातले अर्धवट विणकाम आमच्यापुढे धरले.

पिशवी धुऊन, वाळवून सपाट पसरायची आणि तिचे वरचे बंद व तळाची चिकटवलेली कड कापून टाकायची. उरलेल्या भागाच्या इंचभर रुंदीच्या आडव्या पट्ट्या कापल्या की प्रत्येक पट्टी उलगडून एक कडे होते, आणि ही कडी एकमेकांत अडकवून गाठी ओढत गेले की दोरा तयार होतो. त्याचा लोकरीसारखा गुंडा करून जाड सुईने तळापासून गोल विणत वर यायचे. एका पिशवीत चाळीस-पन्नास पातळ पिशव्या जातात, असे त्यांनी सांगितले. क्रोशाचे काम यंत्रावर होत नाही, त्यामुळे त्यातला प्रत्येक टाका हाताचाच असतो. एवढे पाहिल्यावर वहिनींनी घासाघीस केली नाही, ही आमच्या घराण्यात नोंद घेण्याजोगी घटना होय.

त्यानंतर आठ महिने ही पिशवी दर रविवारी माझ्याबरोबर मंडईत जात आहे. तळ मुक्या खांबांनी, म्हणजे क्रोशाच्या आखूड टाक्यांनी, घट्ट विणलेला असल्यामुळे पाच किलो कांदे-बटाटे ती निमूट पेलते. मेथीच्या ओल्या जुड्यांचे पाणी गळून जाते आणि मुळ्याची माती नळाखाली धरताच निघते. कापडी पिशवी अशा वेळी दिवसभर ओलसर राहून कुबट वास धरते, तो त्रास येथे नाही. वरच्या निम्म्या भागात मात्र शोभेसाठी साखळ्यांची जाळी ठेवली आहे. त्या जाळीतून हिरव्या मिरच्या निसटतात आणि कोथिंबिरीच्या काड्या बाहेर डोकावतात. ही जाळी नसती तर काही बिघडले नसते.

खरी तक्रार बंदांविषयी आहे. हे प्लास्टिक वजनाखाली हळूहळू ताणले जाते आणि वजन काढल्यावर पुरते मूळपदावर येत नाही. त्यात बंद अरुंद, जेमतेम दोन ओळींचे. नवी असताना कमरेपाशी राहणारी पिशवी दोन महिन्यांत भरली की गुडघ्याला आपटू लागली आणि बंद खांद्यात रुतू लागले. अखेर जुन्या इरकली लुगड्याचा काठ बंदांच्या आतल्या बाजूने शिवून घेतला. तेव्हापासून लांबी वाढलेली नाही, पण हे काम विणणाऱ्यांनीच करून द्यायला हवे होते.

दुसरा दोष निवडीचा. विणीतली एक हिरवट पट्टी सहाव्या महिन्यात बोटाने चुरली तर भुगा होऊ लागली. ती पट्टी कुजणाऱ्या पिशवीची असावी, असे ताईंनी फोनवर मान्य केले. मार्च २०१८ मधील राज्याच्या प्लास्टिकबंदीनंतर ‘कंपोस्टेबल’ असे छापलेल्या पिशव्याही दुकानांतून हाती पडतात. त्या ठरावीक काळाने विघटन होण्यासाठीच बनवलेल्या असल्यामुळे टिकाऊ वस्तूत विणणे चुकीचे आहे. साधे प्लास्टिकही सतत उन्हात राहिले तर ठिसूळ होते. म्हणून ही पिशवी धुतल्यावर गच्चीत न टाकता मी सावलीत अडकवते.

पुण्यात प्लास्टिकच्या पट्ट्या चरख्यावर गुंडाळून हातमागावर विणलेल्या कापडाच्या पिशव्याही मिळतात. त्यांची वीण भरीव असते आणि मिरच्या सांडण्याचा प्रश्न येत नाही. मात्र चुरगळून पर्समध्ये कोंबायला क्रोशाचीच पिशवी सोयीची.

दोष धरूनही दुसरी पिशवी मी त्याच ताईंकडे सांगितली आहे. स्वयंपाकघराच्या दाराआड वर्षानुवर्षे लटकत असलेली, पिशव्यांनी ठासून भरलेली पिशवी त्यांना नेऊन दिली. त्यातल्या कुजणाऱ्या पिशव्या आधीच वेगळ्या काढल्या. जाळी नको आणि बंद चार ओळींचे, आतून सुती नाडा घालून हवेत, असे सांगितल्यावर त्यांनी पन्नास रुपये जास्त पडतील असे म्हटले. मी ते कबूल केले.