छपरावरचा लॉग-पिरिऑडिक अँटेना: पावसाळा काढल्यावर

वाळपईच्या पुढे, डोंगराआड घर. फायबर आमच्या वाड्यापर्यंत आलेलं नाही, म्हणून 4जी राउटरला बाहेरच्या लॉग-पिरिऑडिक अँटेनांची जोडी घेतली, म्हणजे लहान-मोठ्या दांड्यांचे, अनेक फ्रिक्वेन्सी पकडणारे. दोन्ही एकमेकांशी काटकोनात, 45 अंशांत तिरके लावले.

खोक्यावर गेन, म्हणजे सिग्नल एका दिशेला एकवटण्याची ताकद, छापलाय 25 डीबीआय. साफ खोटं. हातभर लांबीच्या लॉग-पिरिऑडिकने आठ-दहा दिले तरी पुष्कळ. दांड्या कितीही असोत, एका वेळी त्या फ्रिक्वेन्सीला जुळणाऱ्या मोजक्याच राबतात. यागी या दुसऱ्या प्रकारच्या दांड्यांच्या अँटेनात सगळ्या एकाच बँडसाठी, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या एकाच पट्ट्यासाठी राबतात, म्हणून तेवढ्याच लांबीत गेन जास्त. मेपर्यंत माझं मत हेच होतं, की यागीच बरा.

पण खरा चोर ती केबल. सोबत दहा मीटर बारीक आरजी-58 देतात. 2300 मेगाहर्ट्झला ती मीटरमागे पाऊण ते एक डेसिबल खाते. म्हणजे अँटेनाने वर कमावलेलं जवळजवळ सगळं खाली येईपर्यंत संपलं! तीन डेसिबल गेले की निम्मी शक्ती गेली, हे विकणाऱ्याला ठाऊक नसेल? जाड एलएमआर-400 मीटरमागे 0.22च्या आसपास खाते, पण तिची किंमत ऐकून मी फोन ठेवला.

जूनमध्ये यागीबद्दलचं मत बदललं. समोरची झाडं भिजली की 2300चा बँड ढेपाळतो आणि राउटर 850 मेगाहर्ट्झच्या बँडवर उतरतो. एकाच बँडचा यागी असता तर तिथेच बसलो असतो. रुंद बँडविड्थसाठी थोडा गेन सोडणं आमच्याकडे परवडतं.

मग ऐन पावसात सिग्नल गेला. कनेक्टर उघडला तर आत हिरवा गंज. विक्रेता म्हणतो, पाणी गेलं म्हणजे वॉरंटी नाही. छपरावर लावायच्या वस्तूला पाण्याची वॉरंटी नाही, आणि तीही गोव्यात! खोक्यावर 'वॉटरप्रूफ' ठळक छापलंय, त्याचा फोटो पाठवला. उत्तर आजतागायत नाही.

शेवटी राउटरच माळ्यावर, कौलांखाली नेला. अँटेनाची केबल कापून दीड मीटर ठेवली, नवे कनेक्टर बसवले, वरून स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप गुंडाळली, आणि केबलला खाली झोल दिला, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं. खाली साधी लॅन केबल आणली. ती 100 मीटरपर्यंत कुरकुरत नाही. 1800च्या बँडवर आरएसआरपी, म्हणजे टॉवरच्या सिग्नलची ताकद, उणे 112 चा उणे 101 झाला (शून्याच्या जितका जवळ तितका बरा). चवथीला मुंबईहून आलेली भाचरं दिवसभर व्हिडिओ बघत होती, तक्रार आली नाही. वीज कडाडली की मात्र दोन्ही बाजूंच्या पिना काढतो.

शेजारी म्हणतात, मोबाइल सिग्नल वाढवणारा बूस्टर लाव. परवानगीशिवाय तो लावणं बेकायदा आहे, आणि टॉवरलाही त्रास देतो.

5जीसाठी घेणार असाल तर थांबा. 3300 मेगाहर्ट्झच्या वरचा बँड यात येत नाही, हा 2700 ला संपतो.