केस नोंदणीचं सॉफ्टवेअर: रोजच्या कामाला झकास, आकडे मागितले की बोंब

सांगलीत आमचं छोटं समुपदेशन केंद्र आहे, घरगुती हिंसाचाराच्या केसेस जास्त. जाडजूड रजिस्टरं बंद करून हे सॉफ्टवेअर घेतलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, डेमोला आलेला पोरगा बिचारा चांगला होता.

मराठी टायपिंग नीट चालतं, फॉलोअपची तारीख आली की आठवण येते, नाव-पत्ता कुणाला दिसावा ते लॉगिनप्रमाणे ठरवता येतं, आणि आपल्या कामात ते फार गरजेचं.

आता रडगाणं. हिंसाचाराचा प्रकार फक्त एकच निवडता येतो. जतकडची एक बाई आली, नवरा मारतो, सासू उपाशी ठेवते, पगाराचं एटीएम कार्ड दिराकडे, मग शारीरिक टाकू का आर्थिक? अहो २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखालचा जो घरगुती घटना अहवाल संरक्षण अधिकारी भरतात त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक, आर्थिक सगळ्यावर टिक करता येते. एनसीआरबी, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांचे आकडे काढणारी केंद्र सरकारची संस्था, मात्र एका एफआयआरमध्ये कितीही कलमं असली तरी सगळ्यात गंभीर तोच गुन्हा मोजते, यांनी तिथनंच उचललं का काय देव जाणे. आणि एनसीआरबी मोजते ते गुन्हे, बाईला पुढं मदत काय मिळाली ते त्यात नसतंच.

डुप्लिकेटचा तर वैताग. सुनिता आणि सुनीता या दोन बाया होतात, त्यात एकदा माहेरचं आडनाव, एकदा सासरचं. मोबाईल नंबरवरून शोधावं तर नंबर नवऱ्याचा. आधार सक्तीचं करा म्हणतात, पण मार खाऊन आलेल्या बाईला आधी कार्ड दाखव म्हणायचं? मला नाही पटत. तीच बाई १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करते, पोलीस ठाण्यात जाते, सखी वन स्टॉप सेंटर या सरकारी मदत केंद्रात जाते, भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाते आणि प्रत्येक ठिकाणी नवीन म्हणूनच लागते. ह्या सगळ्याची देशभराची बेरीज कशी करायची सांगा.

केस बंद हा कॉलम तर कहर आहे. समेट झाला तरी बंद, बाई यायचीच थांबली तरी बंद, दोन्ही डॅशबोर्डवर हिरव्या रंगात निकाली!! वर्षाचाही घोळ, एनसीआरबीचं जानेवारी ते डिसेंबर, आमचा अनुदानाचा अहवाल एप्रिल ते मार्च. मदत मिळालेल्या महिला किती असं विचारतात, मी म्हटलं नव्या आलेल्या का फॉलोअपच्या धरून, तर पलीकडून उत्तर, ताई जो मोठा असेल तो द्या.

कस्टमर केअरला सांगितलं प्रकार एकापेक्षा जास्त निवडता येऊ द्या, तर म्हणे मग मागच्या वर्षाच्या आकड्यांशी तुलना होणार नाही. खरंय तेही, म्हणून तर कुणी फॉर्म बदलत नाही.

तीन स्टार. रिन्यू करणार आहे, रजिस्टरवर परत जायची ताकद नाही. घेणार असाल तर डेमोतच विचारा, एक्सपोर्टमध्ये बाया वेगळ्या आणि भेटी वेगळ्या मोजता येतात का. आमच्यात येत नाहीत.