हाताने फिरवायची डाय कटिंग मशीन: बोरन्हाणाची ४० आमंत्रणं केल्यावर लिहितेय

कागदाचे ठरावीक आकार कापणारी ही मशीन माझ्याकडे वर्षभर आहे पण तिची खरी परीक्षा झाली ती जानेवारीत. भाच्याचं पहिलं बोरन्हाण होतं, वहिनी म्हणाली ताई आमंत्रणं व्हॉट्सॲपवर नको, हातात देऊया, आणि मी हो म्हणून बसले. ४० कार्डं, दहा दिवस, ऑफिस सांभाळून. त्याआधी वाढदिवसाची सुटी सुटी पाच-सहा केली होती, त्यात मशीनचं काही कळत नाही. चाळीस केल्यावर सगळं कळलं.

मशीन म्हणजे ए-५ साइजची, दोन रोलर आणि बाजूला हँडल. वीज लागत नाही, कंप्युटर लागत नाही. तोंड साधारण ६ इंच रुंद, म्हणजे ए-६ कार्डाला हवा तो डाय आरामात जातो. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण याच साच्याची मशीन ऑनलाइन चार-पाच नावांनी मिळते, मला ती साडेपाच हजाराला पडली. क्रिकटसारखी मशीन हा वेगळा प्रकार, ती कंप्युटरवरून डिझाइन घेऊन बारीक ब्लेडने कापते. इथे आकार डायमध्येच असतो, पातळ स्टीलचा पत्रा आणि एका बाजूला उठलेली धार, ती धार कागदावर टेकवायची, वर-खाली प्लेट लावायच्या आणि रोलरमधून काढायचं. करंजीचा साचा जसा दाबतो तसंच, फक्त दाब प्रचंड.

पहिलं सांगते ते जागेचं. खाली सक्शन असतं, खटका दाबला की मशीन जागेला चिकटते. लाकडी टेबलावर माझी काही केल्या चिकटली नाही, हँडल फिरवलं की मशीनच गोल फिरायची, मी समजले पीस खराब आलाय आणि परत पाठवायला निघाले होते. आई म्हणाली ओट्यावर ठेवून बघ. ग्रॅनाइटवर अशी बसली की दोन्ही हातांनी ओढली तरी हलेना. त्यामुळे आमच्याकडे डाय कटिंग रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर ओट्यावर चालतं, दुसरी जागाच नाही. तुमच्याकडे काच किंवा सनमायकाचं गुळगुळीत टेबल असेल तर चालेल बहुतेक, ओबडधोबड लाकूड नको.

आवाज येतो, कडकड असा, पहिल्या वेळी वाटतं काहीतरी तुटलं. तुटत नाही, प्लेट डायवर दाबल्याचा तो आवाज आहे. प्लेटवर धारेचे वळ उठतात तेही नॉर्मल. पण प्लेट वाकतात, आणि हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. दर कार्डासाठी दोन कागदी पतंग कापायचे होते, एक मोठा एक छोटा, दोन्ही डाय एकाच फेरीत टाकत होते म्हणजे ४० फेऱ्या. तिसाव्या फेरीच्या आसपास वरची प्लेट पापडासारखी वर आली आणि पतंगाचं एक टोक कापलंच जाईना. उपाय सोपा आहे, दर फेरीला प्लेट उलटी करायची आणि पुढची बाजू मागे करायची, मग ती एका बाजूला वाकत नाही. डायही सरळ ठेवू नका, थोडा तिरका ठेवा, म्हणजे लांब धार एकदम रोलरखाली येत नाही आणि हँडल हलकं फिरतं. हे दोन केल्यापासून माझ्या खांद्याला फरक पडला. प्लेट तरीही संपतातच, जोडी हजाराच्या आत-बाहेर मिळते, मशीनबरोबरच एक जादा जोडी मागवून ठेवा.

पतंगाचा डाय एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतला. फोटोत चांगला तळहाताएवढा दिसत होता, आला तो जेमतेम पावणेदोन इंचाचा. मापं खाली मिलिमीटरमध्ये लिहिलेली होती, मी वाचली नव्हती, ते माझ्याकडून झालं. पण त्याच डायचा एक कोपरा धड कापत नव्हता ते मात्र त्यांचंच, धार तिथे बसकी होती, आणि विक्रेत्याने ना बदलून दिला ना उत्तर दिलं. शेवटी त्या कोपऱ्याखाली साध्या झेरॉक्स कागदाची दुहेरी पट्टी ठेवून काम भागवलं, तेवढ्या जाडीने दाब वाढतो आणि कापलं जातं. नाजूक जाळीच्या डायमध्ये कागद अडकून बसतो आणि सुईने टोचून टोचून काढावा लागतो, तिथे डाय आणि कागद यांच्यामध्ये बटर पेपर घाला, अलगद सुटतो. बेकिंगसाठी घरात असतोच.

आता कागद. माझं तर ठाम मत झालंय की या छंदात पैसे घालायचे तर ते कागद आणि शाईवर घालावेत, डाय चार असले तरी पुरतात. संक्रांत म्हणजे काळं हवंच, म्हणून काळी कार्डशीट आणायला डोंबिवलीहून मशीद बंदरला उतरून अब्दुल रहमान स्ट्रीटला गेले. सगळी गल्ली कागद, पाकिटं, रिबिनी, गिफ्टच्या पिशव्या यांनी भरलेली, शनिवारी दुपारी मात्र जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते. तिथे दोन प्रकारचे काळे कागद मिळाले. एक वरून काळा आणि आत पांढरा, एक आरपार काळा. दिसायला सारखेच, पहिला स्वस्त. फरक कळतो घडी घातल्यावर, पहिल्याला घडीवर पांढरी रेघ फुटते, डायने कापला तर कडेलाही पांढरी किनार दिसते. दुकानात कोपरा जरा फाडून बघायला मागा, देतात. मी आरपार काळा, ३०० जीएसएमचा म्हणजे चांगला जाड घेतला. ए-४ चे दोन तुकडे करून प्रत्येकाची घडी घातली की ए-६ कार्ड होतं, म्हणजे ४० कार्डांना २० शीट, वर पाच बिघडायला धरा. घडी कागदाच्या धाग्याच्या दिशेने असली तर स्वच्छ येते, शीट दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघायची, जिकडे सहज वाकते ती दिशा. आणि आधी संपलेल्या बॉलपेनने पट्टी लावून रेघ ओढून घ्यायची, मगच घडी.

स्टेन्सिलचा भाग मला सगळ्यात आवडला. कल्पना अशी होती की काळ्या कार्डाच्या कडेने हलवा लावल्यासारखा दिसावा. बारीक गोल भोकांची ६ बाय ६ इंची स्टेन्सिल कागदी टेपने कार्डावर पक्की बसवली आणि त्यावरून पांढरी टेक्स्चर पेस्ट, म्हणजे सुकल्यावर उठून राहणारी, जुन्या एटीएम कार्डाने ओढली. एका हाताने, एकाच दिशेने, पुन्हा पुन्हा नाही. मग स्टेन्सिल एका कडेने सरळ वर उचलायची, सरकवली की ठिपके फासले गेलेच. पेस्ट जरा घट्ट असली तर उचलताना ठिपक्याला बारीक टोक येतं, आणि सुकल्यावर खरंच काटा आलेल्या हलव्यासारखं दिसलं! वहिनीने पहिलं कार्ड हातात घेतलं आणि नखाने एक दाणा टोकरून बघितला. स्टेन्सिल लगेच पाण्यात टाका, पेस्ट वाळली की भोकं बुजतात. रात्रभर सुकू द्यायची, पंखा लावला तर कार्डं वाकतात, नुसती पसरून ठेवायची. आमच्याकडे दिवाणावर, टीव्हीच्या खाली, देवघराच्या बाजूला सगळीकडे काळी कार्डं होती.

आणि अक्षरं. बाजारात क्लिअर म्हणजे पारदर्शक स्टॅम्प शेकड्याने मिळतात पण सगळे इंग्लिश, हॅपी बर्थडे, थँक यू, विथ लव्ह. मराठी मजकुराचा चांगला स्टॅम्प शोधून शोधून दमले, आणि ही मला या छंदातली सगळ्यात मोठी उणीव वाटते, मनापासून लिहितेय. आपल्याकडे आमंत्रण द्यायला निमित्तं किती, डोहाळजेवण, बारसं, बोरन्हाण, मुंज, हळदीकुंकू, आणि तयार स्टॅम्प एकाचाही नाही. शेवटी स्टेशनजवळच्या शिक्के बनवणाऱ्या काकांकडे गेले, सोसायटीचे, डॉक्टरांचे शिक्के करतात ते. "बोरन्हाणाला यायचं हं!" एवढं करून द्या म्हटलं. त्यांनी नेहमीसारखा बारीक फॉन्ट लावला आणि पहिला शिक्का बिघडला, "यायचं" आणि "हं" वरचे अनुस्वार उमटलेच नाहीत आणि "न्ह" मध्ये शाई भरून काळा डाग. काकांनी स्वतःच मान हलवली, म्हणाले ताई कागदावर शिक्का मारायला हे चालतं, तुमच्या कामाला अक्षर उघडं पाहिजे. मग दोघांनी बसून फॉन्ट निवडला, जाड रेघेचा, जोडाक्षरात मोकळी जागा असलेला, अक्षराची उंची १२ मिलिमीटर, अनुस्वार मुद्दाम मोठा करून घेतला. लाकडी मूठ नको, नुसतं रबर द्या म्हणून सांगितलं, ते दुहेरी टेपने ॲक्रिलिक ब्लॉकला लावलं म्हणजे कुठे उमटतंय ते वरून दिसतं. दुसऱ्या शिक्क्याचे त्यांनी अर्धेच पैसे घेतले.

काळ्यावर पांढरं उमटवायला साधी पांढरी शाई वापरून बघितली, ओली असताना छान दिसते, वाळली की कागदात जिरून राखाडी. एम्बॉसिंगच करावं लागतं, म्हणजे पावडर वितळवून अक्षर उठावदार करायचं. त्याला वर्सामार्कची शाई घेतली, बिनरंगी, चिकट, हळू वाळणारी. शिक्का मारायचा, वर पांढरी बारीक दाण्याची पावडर टाकायची, झटकून उरलेली परत डबीत भरायची आणि हीट गनने वितळवायची. पावडर आधी पिठासारखी मळकट दिसते आणि मग एका क्षणी एका बाजूने चकचकीत व्हायला लागते, अक्षर अक्षर करत पुढे सरकतं, ते बघायला मला अजून कंटाळा येत नाही. हेअर ड्रायरने होत नाही, वाऱ्याने पावडर उडते आणि तेवढी उष्णताही नसते. गन आधी दहा-पंधरा सेकंद हवेत चालू ठेवून मग कार्डाजवळ न्यायची.

काळ्या कागदावर बोटांचा घाम लागला असेल तिथे तिथे पावडर चिकटते आणि वितळली की पांढरे ठिपके कायमचे. म्हणून शिक्का मारायच्या आधी मलमलच्या फडक्यात बेबी पावडरची पुरचुंडी बांधून ती कार्डावर हलकी फिरवायची. भाच्याचीच पावडर घेतली. राहिलेला पांढुरका थर नंतर मऊ ब्रशने झटकायचा. पावसाळ्यात तर याशिवाय होतच नाही, जुलैमध्ये मैत्रिणीचं कार्ड केलं तेव्हा हवेतल्या दमटपणाने अख्ख्या कार्डाला पावडर धरली होती.

चाळीसही कार्डांवर अक्षर एकाच जागी यावं म्हणून स्टॅम्पिंग प्लॅटफॉर्म घेतला, बिजागरीचं पारदर्शक झाकण असतं, शिक्का झाकणाला चिकटवायचा आणि वहीचं पान उलटावं तसं झाकण मिटायचं. अमेरिकेतल्या मिस्टी नावाच्या प्लॅटफॉर्मवरून हे सगळे आले, माझा त्यातला स्वस्तातला आहे, काम चोख करतो. एखादं अक्षर फिकं उमटलं तर कार्ड न हलवता परत शाई लावून त्याच जागी दुसऱ्यांदा मारता येतं. काकांचं रबर क्लिअर स्टॅम्पपेक्षा जाड आहे, त्यामुळे आतली फोमची शीट काढून ठेवावी लागते, नाहीतर झाकण नीट बसत नाही आणि ठसा हलतो. स्वस्त सिलिकॉनचे स्टॅम्प घेतले असतील आणि शाई थेंब थेंब होऊन सुटत असेल तर पहिल्यांदा वापरायच्या आधी पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासून घ्या, मग शाई धरते.

आता घ्यावी का ते. वर्षाला दोन-तीन कार्डं करणार असाल तर मशीन घेऊ नका, एक चांगला शिक्का, वर्सामार्क, पावडर आणि हीट गन घ्या, पतंग कात्रीनेही सुंदर कापता येतो. पण घरात कार्य आहे, तीस-चाळीस नग एकसारखे हवेत, तर मशीनला पर्याय नाही. माझे ८० पतंग तीन रात्रींत झाले, कात्रीने ते झालेच नसते आणि कडा अशा सुबक आल्या नसत्या. मशीनला पाचपैकी चार. एक तारा प्लेटचा कापला, आणि सोबतच्या माहितीपत्रकात कुठल्या डायला किती थर लावायचे ते धड लिहिलेलं नाही म्हणूनही. माझा क्रम असा बसला: खाली जाड बेस, त्यावर प्लेट, त्यावर कागद, त्यावर डाय धार खाली करून, वर दुसरी प्लेट. हँडल खूपच जड जायला लागलं तर जोर लावू नका, मागे फिरवून एक थर कमी करा.

बोरन्हाण रथसप्तमीच्या आदल्या रविवारी झालं. कार्डं आईने आणि वहिनीने घरोघरी जाऊन दिली, तीन बायकांनी तिथेच विचारलं की हा हलवा खरा चिकटवलाय का. काकांकडे आता "डोहाळजेवण" टाकलंय, या वेळी "ड" आणि "ळ" ची गाठ आधीच मोठी करून घेतलीये, बुधवारी मिळेल.