पाचवी सिंफनी, चार कंडक्टर आणि मधेच टाइल्सची जाहिरात

बीथोवनच्या पाचवीची सुरुवात सगळ्यांना पाठ आहे, त्यावर काही लिहीत नाही. माझं भांडण आहे ते तिसरी मूव्हमेंट (सिंफनीचा एक भाग, पाचवीत असे चार आहेत) जिथे चौथीला जाऊन मिळते त्या जागेवरून. तिथे थांबायचं नसतंच. व्हायोलिन, चेलो सगळे दबक्या आवाजात सूर धरून बसतात, टिंपनी, म्हणजे मोठे नगारे, हळूहळू ठोकत राहते, असं जवळपास पन्नास बार (आपल्या आवर्तनासारखे तालाचे तुकडे) चालतं, शेवटच्या आठ बारमध्ये आवाज चढतो आणि धाडकन सी मेजर ही उजळ स्वरपट्टी. ट्रॉम्बोन, पिकोलो, काँट्राबसून ही फुंकायची वाद्यं तोपर्यंत गप्प बसलेली असतात, ती इथे पहिल्यांदा वाजतात. आणि नेमक्या याच जागी आमच्या फुकटातल्या ऍपने टाइल्स चिकटवायच्या केमिकलची जाहिरात लावली! तिहाई चालू असताना समेच्या आधी लाइट जावी तसं झालं.

पावसाळ्यापासून एकेक रेकॉर्डिंग ऐकतोय. पैसे भरून महिनाभराचा प्लॅनही घेऊन पाहिला, जाहिरात गेली पण बारीकसा गॅप राहिलाच, कारण प्रत्येक मूव्हमेंट वेगळा ट्रॅक असते. क्रॉसफेड (एक ट्रॅक विरताना पुढचा त्यावरच सुरू होणं) चालू केला तर अजून वाईट, दोन्ही टोकं एकमेकांत कालवली जातात. एमपीथ्री बनवताना फाइलच्या आगेमागे थोडी शांतता चिकटते, प्लेअरने ती कापली नाही तर असा खड्डा पडतो. १९१३ साली आर्थर निकिश या कंडक्टरने बर्लिन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर ही सिंफनी रेकॉर्ड केली तेव्हा ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू चारेक मिनिटांत संपायची, लोक उठून तबकडी बदलायचे, ते समजू शकतो. आत्ता काय अडचण आहे?

आधी माझ्या यादीत कंडक्टर कारायानचं १९६२चं, बर्लिनचंच रेकॉर्डिंग पहिल्या नंबरवर होतं. बेसचा भरदार आवाज, वेग चांगला, कुठे अडखळत नाही. क्लायबरचं व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबरचं १९७४चं एवढं डोक्यावर का घेतात कळत नव्हतं. मग लक्षात आलं की चौथ्या मूव्हमेंटच्या मध्यात तिसरीची चाल परत येते आणि पुन्हा तसंच चढत सी मेजरला जाऊन आदळते, आणि ही जागा ट्रॅकच्या आत आहे, ऍपच्या बापालाही तिथे गॅप टाकता येत नाही. सगळ्यांचा तेवढाच तुकडा ओळीने ऐकला आणि नंबर बदलले. कारायानकडे ती वाट गुळगुळीत वाटते, कुठे पोचणार हे आधीच कळतं. क्लायबर दारापाशी जराही रेंगाळत नाही, ताण शेवटपर्यंत तसाच ठेवतो. शिवाय चौथीच्या पहिल्या भागाचा रिपीट तो घेतो, कारायान घेत नाही, म्हणजे क्लायबरकडे तो जल्लोष जास्त वेळ मिळतो. पैसावसूल म्हणा हवं तर.

गार्डिनरचं १९९४चं जुन्या पद्धतीच्या वाद्यांवर आहे. टिंपनीचा ठोका कोरडा, प्रत्येक टिंब वेगळं ऐकू येतं, त्या अंधाऱ्या पन्नास बारसाठी माझ्या मते हेच सगळ्यात भारी. पण नंतरच्या सी मेजरला अंगावर येणारं वजन नाही, निदान माझ्या हेडफोनवर तरी नाही.

फुर्टवेंगलर, मे १९४७, बर्लिन. नाझी काळाबद्दलची चौकशी आटपून तो परत आपल्या ऑर्केस्ट्रासमोर उभा राहिला तेव्हाच्या मैफिली. मोनो आहे, लोकांचा खोकला आहे, वेग मनाला येईल तसा. रोज नाही ऐकवत, पण शेवटी तो जे सुसाट सुटतो त्यापुढे बाकीचे तिघं ऑफिसला निघाल्यासारखे वाटतात.

शेवटी प्लॅन बंद केला आणि क्लायबरची सेकंडहँड सीडी घेतली, पाचवी आणि सातवी एकाच चकतीवर. महिन्याच्या हप्त्यांचा हिशोब केला तर वर्षाच्या आत वसूल होते. कॉम्प्युटरवर फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणारी फाइल) उतरवून घेतली, गॅपलेस, म्हणजे ट्रॅकमध्ये खंड न पाडता चालणारा फुकटचा प्लेअर टाकला, आता ती जागा सलग वाजते. ऍपच्या कस्टमर केअरला लिहिलं होतं, त्यांचं उत्तर आलं की ऍप अनइन्स्टॉल करून परत टाका. अनइन्स्टॉल केलं.