एसीएलचं ग्राफ्ट: स्क्रू की बटण?
एसीएल, म्हणजे गुडघ्यातला एक अस्थिबंध, नव्याने बसवताना ग्राफ्ट (त्याच्या जागी लावायची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा पट्टा) हाडात पाडलेल्या बोगद्यात पक्कं धरायचं कशानं? स्क्रू ते बोगद्याच्या भिंतीशी दाबून धरतो, तेही सांध्याजवळ, त्यामुळे ग्राफ्ट फारसं हलत नाही. वाटीखालच्या कंडरेतून, दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे ठेवून काढलेल्या ग्राफ्टला तो छान जमतो. हाडाला हाड साधारण 6 आठवड्यांत जुळतं. मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग कंडरेला मात्र स्क्रूचे आटे कापू शकतात. तिथे माझं मत बटणाला, म्हणजे धातूच्या छोट्या पट्टीला. ते मांडीच्या हाडाबाहेर आडवं बसतं आणि ग्राफ्ट दोऱ्याच्या फासात लटकतं. पकड भक्कम, पण आधार सांध्यापासून लांब. ग्राफ्ट किंचित खालीवर होतं, बोगदा रुंदावू शकतो. नडगीच्या बाजूला बहुतेकदा स्क्रूच, बटण वर असलं तरी.